साक्षी क्रमांक दोन

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात बारा यंत्रं आहेत, आणि बाराही यंत्रांच्या पोटात एकेक मेलेलं ग्राफिक्स कार्ड आहे, हे मला फेब्रुवारीच्या चार तारखेला, सोमवारी, मधल्या सुट्टीत कळलं. तोवर मला ती फक्त आजारी वाटत होती.

सांगितलं बिराजदार मॅडमनी. त्या आम्हाला संगणक शिकवतात आणि शाळेच्या गेमिंग संघाच्या प्रमुखही आहेत. त्यांच्या हातात जिल्हा साधनसामग्री कार्यालयाचं पत्र होतं. ज्या कार्डांना चालू स्थितीतला ड्रायव्हर नाही, ती सगळी पंधरा तारखेला जमा करायची. तिथून ती थेट चुरा करणाऱ्या यंत्रात जाणार. नवी कार्डं कधी येणार, याबद्दल पत्रात एक शब्द नव्हता.

"म्हणजे संघ बंद?" मी विचारलं.

"एक पळवाट आहे," मॅडम म्हणाल्या. "खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघ. प्रत्येक कार्डावर मान्यताप्राप्त गेम दहा मिनिटं, सेकंदाला साठ चित्रांच्या वेगानं, एकही दोष न दाखवता चालला, तर ते कार्ड शाळेकडे राहील."

माझ्या शेजारी तहूरा उभी होती. तहूरा शेख, माझी मैत्रीण, संघातली सगळ्यात वेगवान खेळाडू. ती म्हणाली, "साठ? आपल्याकडं आता चार येतात. माळढोक पंख उचलतो, आपण पाणी पिऊन यायचं, तोवर त्याचा पंख खाली येतो."

'माळढोक' हा आमचा गेम. सोलापूरच्याच काही कॉलेजच्या मुलींनी बनवलेला. तुम्ही माळढोक पक्षी असता आणि नान्नजच्या माळावर एक वर्ष जगून दाखवायचं असतं. त्या माळावर खरा माळढोक शेवटचा कधी दिसला, हे आता कुणाला नीट आठवत नाही. म्हणून की काय, गेममधलं गवत त्या मुलींनी फार जीव लावून केलंय. पातं न् पातं वेगळं हलतं. आणि तेच तर जुन्या कार्डाला जड जातं.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगते. मला सांगायला आवडतं. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करत नव्हते, आता मला खाली बसवावं लागतं.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो छोट्या कारागिरांची एक मोठी शेड समजा. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांना कोणकोणता रंग द्यायचा, हे ते सगळे एकाच वेळी मोजत असतात. पण गेमला त्यांच्याशी थेट बोलता येत नाही. गेम म्हणतो, 'इथं गवत काढा.' कारागिरांना गवत कळत नाही. त्यांना आकडे कळतात, तेही कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेल्या गुप्त भाषेतले. मध्ये एक दुभाष्या लागतो. तो ड्रायव्हर.

आमची यंत्रं लिनक्सवर चालतात. लिनक्सचं सगळं आतलं लिखाण उघडं असतं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. त्यामुळे त्याचा गाभा दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. कंपनीचा दुभाष्या मात्र डबाबंद. गाभा बदलला की कंपनीनं तो डबा नव्यानं बांधून द्यायचा. पाच वर्षं दिला. मग म्हणाली, हे कार्ड जुनं झालं, नवं घ्या. कार्ड ठणठणीत होतं, फक्त त्याची भाषा जाणणारा उरला नव्हता. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. फुकट जाहिरात कशाला.

"उमजक लावून बघू या का?" मी म्हणाले.

मॅडमनी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं. "मला वाटलंच तू म्हणशील. पण अकरा दिवसांत?"

उमजक तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. दोन वर्षांपूर्वी काही विद्यापीठांनी मिळून तो खुला केला. हा प्रोग्राम अनोळखी कार्डाला एकेक छोटी आज्ञा देतो, काय चित्र उमटलं ते बघतो, अंदाज बांधतो, पुन्हा आज्ञा देतो. अनोळखी गावात गेलेला माणूस वस्तूंकडे बोट दाखवून भाषा शिकतो, तसा. शिकता शिकता तो त्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर लिहीत जातो. जगात तोवर मेलेल्या कार्डांचे दीडशे प्रकार त्यानं उठवून बसवले होते.

फक्त त्याला एक माणूस लागतो. आकड्यांच्या हिशेबात चित्र बरोबर येतं, तरी डोळ्यांना काहीतरी खुपत राहतं. एखादी कड थरथरते, एखादी सावली अर्धा क्षण उशिरा येते. यंत्राला ते चालतं, माणसाला चालत नाही. म्हणून उमजकसमोर कुणीतरी बसतं, हातात नमुन्याचं छापील पान घेतं, पडद्याकडे बघतं आणि दोनपैकी एक कळ दाबतं: ठीक, किंवा चूक. या माणसाला साक्षी म्हणतात. साक्षीचा डोळा जसा, तसा ड्रायव्हर. साक्षी आळशी असेल तर ड्रायव्हरही आळशी निघतो. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरवर साक्षीचं नाव कायमचं लिहिलेलं राहतं.

मॅडमनी एक यंत्र मला घरी न्यायला दिलं. बाराही कार्डं एकाच जातीची होती. एकाला भाषा समजली की तोच ड्रायव्हर बाकी अकरांना चालणार होता. हिशेब सोपा होता. साधारण दहा हजार निकाल द्यायचे होते, आणि मला शाळा होती, क्लास होता, शिवाय सहामाहीत भूगोलात पडलेल्या मार्कांमुळे अम्मानं घातलेले निर्बंध होते.

घरी दिवसभर रिकामे असे एकच जण होते. आमचे नान्ना.

आमच्यात वडिलांना नान्ना म्हणतात. अंबादास येमूल. नान्ना एकवीस वर्षं चादरीच्या कारखान्यात तपासनीस होते. मागावर चालू असलेल्या चादरीतला सुटलेला धागा त्यांना तीन मागांच्या अंतरावरून कळायचा, असं लोक सांगतात. दीड वर्षापूर्वी कारखान्यानं तपासणीला कॅमेरे बसवले. तेव्हापासून नान्ना घरी असतात. सकाळी अम्मा शहर बसवर ड्यूटीला जाते, ती ड्रायव्हर आहे, खऱ्या बसची. नान्ना स्वयंपाक करतात, कपडे वाळत घालतात, आणि फार थोडं बोलतात. पाहुणे आले आणि 'सध्या काय चाललंय' म्हणाले, की ते चहा टाकायला उठतात.

मी यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं, कारण चांगला प्लग तिथंच आहे.

"नान्ना, दिवसा थोडा वेळ हे बघाल का?"

"काय आहे?"

"चित्र बघायचं. पानासारखं दिसलं तर हिरवी कळ. नाही दिसलं तर लाल."

त्यांनी नमुन्याची पानं हातात घेतली, अंगठ्यानं कागदाची जाडी बघितली. "कॅमेरा नाही का याला?"

"कॅमेऱ्याला जमत नाही हे."

नान्नांनी माझ्याकडे पाहिलं, मी चेष्टा करत नाही ना ते तपासलं. मग म्हणाले, "ठेव."

आम्ही वाटणी केली. अक्षरं, रंग, सपाट चित्रं मी संध्याकाळी बघायची. घन वस्तू, म्हणजे ठोकळे, गोळे, नळ्या, वळणं, ती नान्नांनी दिवसा. उमजकमध्ये मी दोन नावं भरली. साक्षी क्रमांक एक: प्रणिता येमूल. साक्षी क्रमांक दोन: अंबादास येमूल.

पहिल्या दिवशी मी शाळेतून आले, तर नान्नांनी चारशे वेळा लाल कळ दाबली होती आणि हिरवी नऊ वेळा.

"चारशे?" माझं दप्तर खांद्यावरच राहिलं. "नान्ना, इतकं कडक नका राहू."

"सगळं उलटं विणत होतं ते. मी काय करू," नान्ना भाजी निवडत म्हणाले. "उद्या सुधारेल."

आणि सुधारलं. दुसऱ्या दिवशी लाल-हिरवी निम्मीनिम्मी. चौथ्या दिवशी हिरवी जास्त. नान्ना आता मला दारातच अहवाल द्यायचे. "आज नळीची कड साफ झाली. गोळ्याच्या पोटात एक रेघ होती, तीन वेळा परत पाठवली, मग आली वळणावर." जेवताना ते उमजकबद्दल असे बोलायचे, जणू कामावर नवा मुलगा आलाय, मंद आहे पण मनापासून करतो. अम्मानं मला डोळ्यांनी खुणावलं. वाढता वाढता ती म्हणाली, "आज तिसऱ्यांदा आमटीत मीठ पडलेलं नाही. मला काही तक्रार नाही, नुसतं सांगितलं."

नान्ना हसले. मी तारीख लिहून ठेवली नाही, पण लिहायला हवी होती.

बुधवारी, तेरा तारखेला, दहा हजार निकाल पुरे झाले. ड्रायव्हर मी शाळेत नेला. मधल्या सुट्टीत मॅडम, तहूरा आणि मी पहिल्या यंत्रासमोर बसलो. गेमचं नाव पडद्यावर आलं, अक्षरं स्वच्छ, रंग असे की बघत राहावं. कोपऱ्यात आकडा होता: एकसष्ट. तहूरानं माझ्या दंडाला एवढ्या जोरात चिमटा काढला की वळ उठला.

मग माळ उघडला. गवत नव्हतं.

म्हणजे जमीन होती, आभाळ होतं, पण मधे काही नाही. आणि माळढोक आला तो असा की त्याच्या छातीचा पुढचा भाग गायब, आणि पोकळ अंगाची पाठीकडची बाजू आतून दिसतेय. डोकं म्हणजे कापलेल्या नारळाची अर्धी करवंटी. त्यात मागून दोन डोळ्यांच्या खोबणी.

"अगं बाई," तहूरा म्हणाली. "याच्या डोक्यात काय चाललंय ते आता दिसलालंय."

मॅडम हसल्या, मी हसले नाही. उमजकनं पडद्यावर एक चौकट आणली होती:

'साक्षी १ आणि साक्षी २ यांच्यात विसंगती आढळली. साक्षी २ अविश्वसनीय धरावा? होय / नाही.'

"नाही म्हणालीस तर पक्षी असाच राहील," मॅडम हळूच म्हणाल्या. "होय म्हणालीस तर त्यांचे सगळे निकाल पुसले जातील. घन वस्तू पुन्हा पहिल्यापासून शिकवाव्या लागतील."

"किती दिवस?"

"त्यांना जेवढे लागले तेवढेच."

आमच्याकडे दोन होते. मी काहीच दाबलं नाही. ड्रायव्हर परत घेतला आणि घरी गेले. वाटेत रागानं माझे कान तापले होते. घरी नान्ना दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू निकाल त्यांचा होता.

"काय झालं, चिन्नी?" लाडात ते मला चिन्नीच म्हणतात.

"काय होणार. तुम्ही आठ दिवस चुकीचं शिकवलंत. सगळं आतलं बाहेर दिसतंय."

"चुकीचं कसं? मी प्रत्येक चित्र पानाशी लावून बघितलं."

"मग नीट नाही बघितलं. कॅमेऱ्याला ठेवलं आणि तुम्हाला काढलं, ते काही उगाच नाही."

हे वाक्य माझ्याच तोंडातून निघालं. मला ते इथं लिहायचं नव्हतं, पण मग पुढचं काहीच खरं वाटणार नाही. नान्ना वळले. आत गेले, शर्ट बदलला, आणि चहा टाकला. पाहुण्यांसमोर टाकतात तसा.

गुरुवारी मी मॅडमची परवानगी घेऊन घरी थांबले. अम्मा ड्यूटीवर गेली. नान्ना पिशवी घेऊन बाजारात गेले, मला न सांगता. मी ओट्यावरच्या यंत्रासमोर उभी राहिले आणि पुन्हा पुन्हा तोच प्रश्न सोडवत राहिले. घन वस्तू उमजकच्या लेखी त्रिकोणांच्या बनलेल्या असतात. प्रत्येक त्रिकोणाला तोंड असतं आणि पाठ असते. कोणतं कुठलं, हे कार्ड कोपऱ्यांच्या क्रमावरून ठरवतं. आपल्याकडून बघताना कोपरे घड्याळाच्या उलट दिशेनं येत असतील तर ते तोंड, काट्यांच्या दिशेनं येत असतील तर ती पाठ. पाठ रंगवायची नाही, कारण ती तशीही दिसणार नसते. लाखो त्रिकोणांची मेहनत वाचते. आमच्या कार्डानं तोंडं टाकून दिली होती आणि पाठी रंगवल्या होत्या. पण असं एकूण एक त्रिकोणाचं कसं उलटं होईल? साधी चूक कुठंतरी होते, कुठंतरी होत नाही. ही चूक फार शिस्तीत झाली होती.

उभं राहून पाय दुखले म्हणून मी नान्नांच्या स्टुलावर बसले. आणि मला पडदा दिसेना. स्टूल ओट्याकडे पाठ करून ठेवलेलं होतं.

समोर ज्वारीचा डबा होता. डब्याला टेकवून हातभर लांबीचा एक आरसा ठेवला होता, कडा घासून गुळगुळीत झालेला, एका कोपऱ्याचा पारा उडालेला. आरशात माझ्यामागचा पडदा स्पष्ट दिसत होता. पडद्याच्या वर भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. त्याचा सेकंदकाटा उलटा फिरत होता.

मी त्या काट्याकडे पूर्ण दोन मिनिटं बघत बसले असेन.

नान्ना परत आले तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी मेथीची जुडी ओट्यावर ठेवली आणि आरशाकडे हात केला. "काढून ठेवतो. तुझ्या आड येत असेल."

"नान्ना, तुम्ही यात बघून कळ दाबत होता?"

"मग? कशात बघणार?"

"पडद्यात. सरळ."

नान्नांना हे सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते खाली बसले. मग एवढं बोलले, जेवढं मी त्यांना वर्षभरात बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांच्या कारखान्यात मागावर चादर पालथी विणली जायची. पाठ वर, तोंड खाली. तोंड बघायचं तर मागाखाली आरसा ठेवायचा आणि त्यात बघायचं. हा आरसा त्यांना शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेला. "सरळ बघितलं ना, की डोळा नक्षी बघतो. मोर आला, वेल आली, छान वाटलं, चूक सुटली. आरशात नक्षी अनोळखी होते. मग डोळा मोर बघत नाही, धागा बघतो." त्यांनी आरशाची कड अंगठ्यानं पुसली. "कॅमेरे आले तेव्हा मालकांना मी हे सांगायला गेलो होतो. आरसा घेऊन. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि फोनवर बोलत राहिले."

मी ओट्यावरची मेथी निवडायला घेतली. "काल मी जे बोलले..."

"बोललीस ते बोललीस. चूक कुठं आहे ते सांग."

"चूक नाहीच. तुम्ही सहा हजार निकाल दिलेत आणि सगळे बरोबर आहेत. फक्त पान तुम्ही सरळ बघितलंत आणि पडदा आरशात. मी सरळ शिकवलं, तुम्ही आरशातून. उमजकनं दोघांचं मन राखलं. जागा माझ्या ठेवल्या आणि तोंड-पाठ तुमची."

नान्नांनी विचार केला. "घरात दोन माणसं वेगळं सांगतात तेव्हा पोरं असंच करतात," ते म्हणाले.

तीच चौकट आता घरच्या पडद्यावरही होती. होय किंवा नाही. विश्वसनीय किंवा अविश्वसनीय. उमजक बनवणाऱ्यांनी साक्षीचे दोनच प्रकार धरले होते, कारण कुणी पडद्याकडे पाठ करून बसेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. पण उमजकचं लिखाण लिनक्ससारखंच उघडं आहे. मी ते उघडलं. मॅडमना फोन लावला, त्या तिकडून शिपायाला वर्गावर बसवून माझ्याशी बोलत राहिल्या. साक्षींची यादी जिथं होती, तिथं मी तिसरा प्रकार लिहिला: 'पाठीमागून पाहणारा'. असा साक्षी असेल तर त्याच्या प्रत्येक निकालातलं चित्र आधी डावं-उजवं बदलून घ्यायचं, आणि मग शिकायचं. अकरा ओळी लागल्या. त्यातल्या तीन मॅडमनी दुरुस्त केल्या, एकीवर मी अडून बसले आणि मी बरोबर निघाले.

दुपारी दोन वाजता उमजक पुन्हा शिकायला बसला. नान्नांनी मेथीची भाजी केली. संध्याकाळी सहाला, अम्मा चपला काढत असतानाच, ओट्यावर माळ उघडला आणि त्यात गवत होतं. इतकं गवत होतं की अम्मा चपला काढायची थांबली. वाऱ्याची एक लाट त्याच्यावरून गेली आणि माळढोकानं गवतातून मान वर केली. भरीव, पिसांची, उद्धट मान.

"आरशाचं मला विचारायचं ना," अम्मा म्हणाली. "मी रोज बघतच होते. मला वाटलं, तुमचं ठरलेलं आहे."

शुक्रवारी पडवळकर साहेब आले. साधनसामग्री कार्यालयाचे तपासणी अधिकारी. किडकिडीत माणूस, गळ्यात चष्मा, हातात घड्याळ. बाहेर टेम्पो उभा करूनच आले होते. साक्षींनी हजर राहून सही करायची असते, म्हणून नान्नाही आले. इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आरसा कापडी पिशवीत घालून.

आमच्या ओट्यावरचं यंत्रही मी सकाळीच परत आणलं होतं. बाराही यंत्रांवर एकाच वेळी माळढोक सुरू झाला. संघातल्या बारा जणी बारा ठिकाणी खेळत होत्या. साहेब रांगेतून फिरत होते, आकडे लिहीत होते. एकसष्ट. साठ. बासष्ट. पाच मिनिटं झाली. सात झाली. तहूरा मुद्दाम माळढोकाला पूर्ण वेगानं पळवत होती, कार्डाची परीक्षा बघायला. साहेब एकदा तिच्यामागे थांबले आणि म्हणाले, "खड्डा आहे पुढं." मग त्यांना आठवलं की ते तपासणीला आलेत.

आठव्या मिनिटाला नान्ना दाराजवळून म्हणाले, "सात नंबरला दोष आहे."

ते भिंतीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. आरसा छातीशी धरलेला. नियम सगळ्यांना पाठ होता: एकही दोष न दाखवता. आणि बाराही कार्डांवर ड्रायव्हर एकच होता.

साहेब सात नंबरवर वाकले. चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. "मला काही दिसत नाही."

"डावीकडं, खाली, गवतात. एक ठिपका विझतो. वळलं की विझतो."

"अहो, मला दिसत नाही म्हणजे कागदावर दोष नाही," साहेब म्हणाले. त्यांनी तसं मदत करायलाच म्हटलं होतं.

तहूरा पुटपुटली, "नान्ना, जाऊ द्या की वो."

मी नान्नांकडे बघत होते. गप्प बसा, असं मला वाटलं का? वाटलं. खरं सांगते, वाटलं. अर्धा सेकंद.

"दिसत नसला तरी आहे, साहेब," नान्ना म्हणाले आणि आरसा त्यांच्यापुढे धरला. "यात बघा."

पडवळकर साहेब एका मुलीच्या खुर्चीवर पडद्याकडे पाठ करून बसले. आरशात बघत राहिले. मिनिटभरानं म्हणाले, "अरेच्चा."

मला तेव्हा काय सुचलं ते सुचलं. "साहेब, सात नंबरचं कार्ड तीन नंबरच्या यंत्रात घालून बघू या. दोष ड्रायव्हरचा असेल तर तो सगळीकडे असेल. कार्डाचा असेल तर कार्डाबरोबर जाईल."

मॅडमनी पेचकस आणला. कार्डं बदलली. ठिपका कार्डाबरोबर गेला. सातवर आता गवत शांत होतं आणि तीनवर, डावीकडे खाली, एक ठिपका विझत होता. कार्डाच्या स्मृतीतला एक बारीकसा कण खरोखरच मेला होता. दुभाष्या चांगला होता, कारागीरच थकला होता.

साहेबांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. उरलेली अकरा यंत्रं त्यांनी पहिल्यापासून दहा मिनिटं चालवायला लावली. मग नान्नांना विचारलं, "या अकरांत काही?"

नान्ना आरसा घेऊन रांगेतून एकदा फिरले. "नाही."

"नक्की?"

"असतं तर सांगितलं नसतं का?"

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. एक कार्ड टेम्पोत गेलं, अकरा राहिली. जाताना ते दारात थांबले. "येमूल, आमच्या गोदामात अशी आठशे कार्डं पडलीत. सहा जातींची. उमजकनं करायचं म्हणतात, पण साक्षी मिळत नाहीत. तरुण पोरं बसतात आणि तासाभरात सगळं हिरवं करून जातात. सोमवारी याल का?"

नान्ना मला म्हणाले, "चिन्नी, सोमवारी तुझा डबा अम्माला करायला सांग." हे त्यांचं उत्तर होतं.

माझ्या अकरा ओळी तीन आठवड्यांनी मूळ उमजकमध्ये घेतल्या गेल्या. आता जगात कुठंही तो सुरू केला की साक्षीचे तीन प्रकार विचारतो. मला वाटलं होतं, तिसरा प्रकार आमच्या घराबाहेर कुणी वापरणार नाही. पण गेल्या महिन्यात चिलीहून एका दंतवैद्य बाईंचं पत्र आलं. त्या म्हणतात, मी तीस वर्षं लोकांचे दात छोट्या आरशातच बघत आले, सरळ बघून मला काही कळत नाही, आभार. नान्नांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं.

तहूरा म्हणते, अकरा यंत्रांवर बारा जणींचा संघ चालत नाही, कुणीतरी एक कायम बाहेर बसणार. मी तिला सांगितलं, बाहेर बसायचं नाही, मागं उभं राहून बघायचं आणि बोलायचं. तसाही तो तुझा आवडता खेळ आहे.

काल रविवार होता. ओट्यावरचं यंत्र मॅडमनी रविवारपुरतं मला पुन्हा घरी न्यायला दिलं होतं. मी 'माळढोक' खेळत होते. वर्षाचा शेवट, अंडं फुटायचं होतं. नान्ना गोदामातून आणलेली नमुन्याची पानं लावत बसले होते. मी हाक मारली. ते आले, सवयीनं आरसा उचलला, स्टूल उलटं फिरवलं.

मग थांबले. आरसा डब्याला टेकवून ठेवला, स्टूल परत वळवलं, आणि पडद्याकडे तोंड करून बसले. गवत हललं. अंड्याला तडा गेला.

"काही चूक आहे का?" मी विचारलं.

"मी बघत नाहीये," नान्ना म्हणाले. "तू खेळ."